कासचा शनिवार, बामणोलीची मुक्कामी गाडी

गुरुवार

सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर जायचं म्हटलं की आमच्या घरात पहिला प्रश्न येतो, गाडी कुणाची काढायची? यंदा मी आणि मामांनी ठरवलं की गाडी काढायचीच नाही. सांगलीहून साताऱ्यापर्यंत रेल्वे आणि पुढचं सगळं एसटीने. मामा पंचाहत्तरी ओलांडलेले, त्यामुळे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांना एसटी फुकट. मला महिला म्हणून अर्धं तिकीट. पण हा खटाटोप पैसे वाचवायला नव्हता.

मामांच्या दोन्ही कानांत मशीन आहे. ज्यांच्या घरात कानाचं मशीन आहे त्यांना माहीत असेल, मशीन आवाज मोठा करतं, पण हवा तो आणि नको तो यांत निवड करण्यात ते फार कच्चं असतं. आपला धडधाकट कान आणि मेंदू मिळून गर्दीतूनही ओळखीचा आवाज वेगळा काढतात. मामांना हॉर्न, इंजिन, शेजारच्या गाडीतलं गाणं आणि माझं बोलणं एकाच ढिगात ऐकू येतं. गेल्या वर्षी रविवारी आम्ही भावाच्या गाडीतून कासला आलो होतो. यवतेश्वरच्या घाटातच त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं, ते परत सांगली येईपर्यंत लावलं नाही. फुलं पाहिली, फोटो निघाले, पण पठाराचा आवाज त्यांनी ऐकलाच नाही. म्हणून यंदा जायचं ते जिथे नि जेव्हा गाड्या नसतील तिथे नि तेव्हाच, हे माझ्या मनाने घेतलं होतं.

कोयना एक्स्प्रेसने कराड, कोरेगाव मागे टाकत साताऱ्यात उतरलो. स्टेशन माहुलीच्या अंगाला, शहरापासून चांगलंच लांब. सार्वजनिक वाहनाने फिरणाऱ्यांना पहिली अडचण इथेच येते. रेल्वे येते त्या वेळेला धरून स्टेशनवरून शहरात नेणारी बस असावी, एवढी साधी गोष्ट. पण आम्ही रिक्षाच केली. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं तर आतल्या ताईंनी मान वर न करता सांगितलं, "बामणोली मुक्कामी आहे संध्याकाळी. जागा धरायला आधी येऊन बसा." बामणोली म्हणजे त्याच रस्त्यावर कासच्या पुढचं गाव.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे खेड्यात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून निघते, शेवटच्या गावात रात्र काढते आणि सकाळी शाळा-कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, दूध, भाजी घेऊन परत फिरते. पर्यटकांच्या हिशेबात ही गाडी कधी नसतेच, कारण पर्यटक सकाळी चढतो आणि संध्याकाळी उतरतो. माझं म्हणणं असं की डोंगरात जाऊन शांतता हवी असेल तर हीच गाडी धरावी. जग खाली उतरत असतं तेव्हा ती वर नेते आणि सकाळी लोंढा चढायच्या आत तुम्ही वर असताच.

गाडी राजवाडा, समर्थ मंदिर करत बोगद्याजवळून यवतेश्वरच्या घाटाला लागली. आमच्या पुढच्या बाकावर एक बाई दुरुस्त करून आणलेला मिक्सर मांडीवर घेऊन बसलेल्या. मागे कॉलेजची मुलं. मधल्या वाटेत पेंडेची पोती, त्यावर कुणाचं तरी दप्तर. प्रत्येक वळणावर चालक हॉर्न देत होता आणि तो द्यायलाच हवा होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. एसटीत शांतता असते असं मी म्हणणार नाही. काचा खडखडतात, घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंजिन ओरडतं, मामांनी मशीन काढूनच ठेवलं होतं.

पेट्रीच्या पुढे धुकं लागलं. पठारावर पोचता पोचता म्हशींचा कळप रस्त्यावर आला, घरी परतणारा. चालकाने गाडी थांबवली आणि काय मनात आलं कोण जाणे, इंजिनही बंद केलं. मी मामांना खूण केली. त्यांनी मशीन लावलं, काच सरकवली. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा, ओल्या रस्त्यावर खुरांचा आवाज, कडेच्या पाणथळीतले बेडूक, आणि दूरवर गुराख्याची हाक. मामांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "अगं, हाक कुठून आली ते कळलं मला." दिशा कळली, यात त्यांचा आनंद होता. गोंगाटात पहिली जाते ती दिशाच.

बामणोलीत उतरलो तेव्हा अंधार झाला होता. राहायची सोय एका घरी केली होती. चालक-वाहक नळावर हातपाय धूत होते. तिकिटाचं मशीन, पैशांची पिशवी आणि पांघरुणाची वळकटी, एवढा त्यांचा संसार. रात्री त्या गाडीशिवाय गावात दुसरं वाहन फिरताना ऐकलं नाही.

शुक्रवार

बामणोली शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठावर आहे. कोयना धरण साठच्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं आणि कोयना-सोळशीच्या खोऱ्यांतली गावं, शेतं, रस्ते पाण्याखाली गेले. नकाशावर आज जो निळा पट्टा दिसतो त्याच्या खाली जुन्या वाटा आहेत. आपण मौजेसाठी लाँचमध्ये बसतो, पण पलीकडच्या काठावरच्या गावांना ती लाँच म्हणजे एसटीच. आम्ही ज्या लाँचमधून गेलो तिच्यात शाळेचे एक गुरुजी होते, सिलिंडर होता, आणि औषधाची पिशवी घेऊन निघालेल्या एक आजी. आजींना मामांनी विचारलं, "आजी, रोज लाँचनंच येता?" त्या म्हणाल्या, "दुसरं काय हाय? पानी नव्हतं तवा चालत जायचो." वासोटा पावसाळ्यात बंद असतो, त्यामुळे किल्लेवाल्यांची गर्दी नव्हती. डिझेल इंजिनाचा आवाज मात्र असा की पाण्याच्या मधोमध एकमेकांशी बोलताही येत नाही. या भागातला आवाज फक्त मोटारींचा आहे असं म्हटलं तर ते खरं नाही. पण लाँच येते, जाते आणि मग पाणी बराच वेळ गप्प असतं.

दुपारी घरच्या काकी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना विचारलं, पर्यटक वाढले तर तुम्हाला बरंच ना? त्यांनी मान हलवली.

"गाडीवालं चा पित्यात, फोटू काढत्यात, जात्यात. जेवायला डबं आणत्यात घरनंच. तुमच्यासारखी मुक्कामाला माणसं आली तर भाकरी खपती."

"आणि शनिवार-रविवारी?"

"शनवारी रविवारी आमाला साताऱ्याला जायचं म्हंजी दिस मोडला. गाडी वर येतच न्हाय येळंला. गेल्या साली माज्या सुनंला दवाखान्यात न्यायची हुती, घाटात अडकून पडलो."

मामांनी विचारलं, मग काय केलंत? "काय करायचं, बसलो," एवढंच म्हणाल्या आणि सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

मोटारी विरुद्ध एसटी ही चर्चा शहरात नेहमी आपल्या सोयीवर होते. आपल्याला किती वेळ लागला, किती पैसे गेले, सामान कुठे ठेवायचं. या रस्त्यावर ज्यांचं दुसरं काही साधन नाही त्यांची गाडी आपल्या गाड्यांमागे उभी राहते, हे आपल्या हिशेबात येतच नाही. काकींचं बोलणं ऐकल्यापासून मला ते सोडेना.

शनिवार

पहाटे उठून मुक्कामी गाडीने कासला उतरलो. प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन आधीच केली होती. आतल्या वाटेवर आम्ही दोघं, समितीचे दोन-तीन स्वयंसेवक आणि धुकं. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतली माणसं संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत हे सगळं सांभाळतात. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत कास आहे.

पठाराला इथे सडा म्हणतात. वर जांभा खडक, त्यावर बोटभर माती, तीही नापीक. त्यामुळे इथल्या काही वनस्पतींनी पोट भरायची दुसरी वाट शोधली आहे. मामा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मला दवबिंदू दाखवला. करंगळीएवढं रोप, पानांवर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानाला एक चिलट चिकटलं होतं, पाय अजून हलत होते, आणि केस त्याच्याकडे वळलेले. शेजारीच सीतेची आसवं, निळीजांभळी. तीही कीटकभक्षी, फक्त तिचे सापळे ओल्या मातीत दडलेले. गेंदाचे पांढरे बोंडू वाऱ्यावर डुलत होते, तेरड्याचा गुलाबी पट्टा धुक्यात विरत गेला होता.

आणि वर मलबारी चंडोल. हा तुऱ्याचा छोटा पक्षी सड्यांवर राहतो, जमिनीवरून उठून आकाशात गातो, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. मामांना बारीक, उंच स्वर कमी ऐकू येतात. वयाबरोबर कान प्रथम तेच गमावतो. तरी त्यांनी ऐकला. डोकं मागे टाकून बराच वेळ उभे होते. चंडोल खाली उतरला की थांबायचे, परत उठला की परत वर बघायचे.

साडेआठच्या सुमारास खालून पहिल्या गाड्या आल्या. दहानंतर रस्ता भरून गेला.

वाहनं पठारापासून दूर लावून तिथून शटल बसने माणसं आणायची सोय इथे आहे आणि ती फार चांगली गोष्ट आहे. पण वाहनतळापर्यंत प्रत्येकजण आपापल्या गाडीनेच येतो. शिवाय हाच रस्ता पुढे कास तलावाला आणि बामणोलीला जातो, त्यामुळे गाड्यांची रांग पठाराला लागूनच सरकत राहते. सड्यावर झाडं नाहीत, आडोसा नाही, खडक कठीण, आवाज अडवायला काही नाही. रस्त्यापासून आत आत चालत गेलो तरी हॉर्न कमी होईनात. याचं कारण ध्वनीच्या गणितात आहे. एकच गाडी असेल तर अंतर दुप्पट केलं की तिचा आवाज ६ डेसिबलने उतरतो. पण गाड्यांची अखंड रांग असेल तर तो सगळा रस्ताच आवाज करत असतो, आणि अंतर दुप्पट करून फक्त ३ डेसिबल कमी होतात. म्हणून "जरा आत चला, शांत आहे," हे शनिवारी खरं ठरत नाही.

डेसिबलचा दुसरा नियम याहून महत्त्वाचा, आणि तो धोरण ठरवणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. निम्म्या गाड्या कमी केल्या तरी आवाज फक्त ३ डेसिबल उतरतो, कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज निम्मा झाला असं वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात, म्हणजे दहातल्या नऊ गाड्या कमी. "थोडं नियोजन करू, थोडी वाहनं कमी करू" याने गर्दी कमी होईल, शांतता येणार नाही. ती हवी असेल तर मोटारी खाली साताऱ्यातच थांबायला हव्यात.

मी दगडावर बसून हिशेब मांडला. कासला हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली गेली. मर्यादा माणसांची, गाड्यांची नाही. एका मोटारीत चार माणसं धरली तर ७५० मोटारी. दहा तासांत त्या वर जाणार आणि खाली येणार, म्हणजे रस्त्याकडेला उभं राहिलं तर दर २४ सेकंदांनी एक गाडी जाते. तीच ३००० माणसं चाळीस-चाळीस करून बसने आणली तर ७५ फेऱ्या, आणि दर चार मिनिटांनी एक बस. बस मोटारीपेक्षा जास्त आवाज करते, हे मी गुरुवारी घाटात ऐकलंच होतं. पण ती गेल्यावर चार मिनिटं असतात. चार मिनिटांत चंडोल उठून, गाऊन, खाली उतरतो. चोवीस सेकंदांत माणसाचं एक वाक्यही नीट पुरं होत नाही. बसेस विजेच्या असतील तर आणखी बरं, कारण घाटात वेग कमी असतो आणि तिथे आवाज मुख्यतः इंजिनाचाच असतो.

गाड्यांच्या आवाजाने पक्ष्यांना खरंच काही होतं का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉइसी स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी याची फार सुंदर परीक्षा घेतली. डोंगराच्या एका धारेवर, जिथे रस्ताच नाही, तिथे त्यांनी ओळीने ध्वनिक्षेपक लावले आणि रहदारीचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवला. गाडी नाही, धूर नाही, डांबर नाही, फक्त आवाज. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार आवाज चालू असताना तिथले पक्षी पाव हिश्श्याहून जास्त घटले आणि काही जातींनी ती जागा जवळजवळ सोडलीच. म्हणजे आपण पठारावर एकही फूल तुडवलं नाही, कचरा टाकला नाही, तरी आपल्या गाडीचा आवाज आपल्या नावावर जमा होतो.

दुपारी परतीच्या एसटीची वाट पाहत फाट्यावर उभे राहिलो. तिची वेळ होऊन गेली. मग अर्धा तास, तास, दीड तास. एक गाडी वळणदार सुरांचा हॉर्न वाजवत गेली, त्याला नियमाने बंदी आहे आणि तो या रांगेत काही उपयोगाचाही नव्हता. आमच्याबरोबर बामणोलीकडची तीन-चार माणसं थांबलेली. त्यांतले एक गृहस्थ मामांना म्हणाले, "शनवारचं असंच असतंय काका." त्यांना संताप नव्हता, सवय झाली होती. मला मात्र संताप आला. शंभर-दीडशे मोटारींतल्या प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच निघालोय. त्या रांगेत चाळीस-पन्नास माणसांची एसटीही मोटारीइतकीच एक जागा धरून उभी असते. तिला पुढे काढायला कुणी नाही. मग ती उशिरा येते, उशिरा येते म्हणून लोक तिचा भरवसा सोडतात, भरवसा सोडला म्हणून गाडी घेतात, आणि रांग आणखी लांबते.

अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात हाच प्रकार होता. तिथे २००० सालापासून हंगामात मुख्य दरीत खासगी मोटारी बंद आणि शटल बस सुरू झाली. लांब कशाला, आपल्या माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. तिथे जाणारं कुणी ती सोय नाही म्हणून माथेरान टाळत नाही, उलट त्यासाठीच जातं.

एसटी आली. उभ्यानेच घाट उतरलो. एका कॉलेजच्या मुलाने मामांना जागा दिली.

रात्री मुक्काम मामांच्या जुन्या सहकाऱ्याकडे, महामार्गाच्या अंगाला असलेल्या वसाहतीत. मध्यरात्रीनंतरही पुणे-बंगळुरू रस्त्याचा घोंघाट थांबत नव्हता. तो बहुतेक टायरांचा असतो. ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा टायर आणि डांबर जास्त बोलतात, त्यामुळे विजेच्या मोटारी आल्या तरी महामार्ग गप्प होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी रात्रीच्या रहदारीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल सुचवली. घरच्या आजी म्हणाल्या, त्यांना आता हा आवाज ऐकू येत नाही. झोपेच्या गोळ्यांची पट्टी मात्र उशाशी होती.

रविवार

सज्जनगडाला सकाळची एसटी मिळाली, आणि बसायला जागाही. बोगद्यातून गाडी बाहेर पडली की डोंगर एकदम समोर येतात, खाली उरमोडीचं पाणी चमकतं. समर्थ रामदासांची समाधी गडावर, त्यामुळे रविवारी इथे गर्दी कासइतकीच, कदाचित जास्त. पण वाहनं पायऱ्यांखाली थांबतात. पुढे प्रत्येकजण आपल्या पायांनी चढतो, लहान मुलं, नऊवारीतल्या आजी, हातात चपला घेतलेले तरुण. मामाही दर वळणाला टेकत, श्वास घेत चढले.

वर शेकडो माणसं होती आणि मामांनी मशीन काढलं नाही. घंटा, टाळ, कुणाचा श्लोक, पोरांचा दंगा, प्रसादाच्या रांगेतली कुजबुज. हे सगळं त्यांना वेगवेगळं ऐकू येत होतं. गर्दी म्हणजे गोंगाट असं आपण धरून चालतो, पण सज्जनगडावर गर्दी होती आणि गोंगाट नव्हता. दोन्ही ठिकाणी माणसं साताऱ्याचीच, सुट्टीचीच. फरक एवढाच की इथे इंजिनं खाली राहिली होती.

ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. अपंग माणूस, तान्हं मूल घेतलेली आई, गुडघे गेलेले वडील यांना दारापर्यंत वाहन मिळायलाच हवं. पण ज्यांना गरज आहे त्यांना गाडी आणि बाकीच्यांना बस असं केलं तर गरजवंताची गाडी तरी वेळेवर पोचेल. आज ती रांगेतच अडकते.

ठोसेघरला पुढची बस दुपारी उशिरा होती, म्हणून आम्ही वडापच्या जीपने गेलो. धबधबा भरून वाहत होता. त्याचा आवाज घाटातल्या कोणत्याही ट्रकपेक्षा मोठा असेल, पण मामा त्याच्याजवळ शांत बसून राहिले. कुणी त्रासला नव्हता. ओढ्याच्या वरच्या अंगाला शीळकरी कस्तुर माणसासारखी सैल, लांब शीळ घालत होता.

तिथून चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. पाती फिरताना दर फेरीला हवा कापल्याचा आवाज येतो, जवळ गेल्यावर तो छातीत जाणवतो. या पठारावर सरड्यांची एक देखणी जात राहते, नराच्या गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा असतो. तिला शास्त्रीय नाव मिळालं २०१६ साली, आणि त्यात आपला ‘सरडा’ हा शब्दच घेतला आहे, सरडा सुपर्बा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इथेच केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट जास्त आढळले, आणि चक्क्यांखाली खाणारे कमी झाल्यामुळे सरडे वाढले. पवनचक्क्या नकोत असं मी म्हणणार नाही, वीज हवीच आहे. पण सड्यावर आपण जे काही फिरतं, गरजतं उभं करतो त्याची दखल तिथले जीव घेतात, हे या पठारावर मोजून सिद्ध झालेलं आहे. मग त्याच सह्याद्रीतल्या कासच्या रस्त्यावर शनिवारी जे होतं ते मोजायला कुणी का जात नाही?

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकारला असं क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. फुलांचं पठार, तलाव, अभयारण्याची हद्द यांना हंगामापुरतं तरी ते संरक्षण का मिळू नये, हा प्रश्न मी जिल्ह्यातल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला विचारायला तयार आहे.

परतीची शेवटची बस दिवस मावळायच्या आत निघते, म्हणून सगळे धबधब्यावरून लवकर उठले. लोक एसटी का सोडतात याचं खरं उत्तर इथे मिळालं. भाडं परवडतं, गाडीही चालते, पण शेवटची बस इतकी लवकर असते की संध्याकाळ हातातून जाते. डोंगरातला सगळ्यात चांगला तास तोच.

सोमवार

दुपारी परतीची गाडी. त्याआधी राजवाड्याजवळून कंदी पेढे घेतले आणि स्टँडवर वाहतूक नियंत्रकांच्या खोलीत गेलो. मामांनी सूचनांची वही मागितली. नियंत्रक जरा चकित झाले, मग स्वतःच खुर्ची पुढे केली.

मामांनी सुवाच्य अक्षरात, मुद्दे न मोजता, सलग लिहिलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात शनिवार-रविवारी सातारा स्टँड ते कास दर अर्ध्या तासाने गाडी असावी, राजवाड्यावर थांबावी. शेवटची गाडी कासहून अंधार पडल्यावर सुटावी. आवडेल तेथे प्रवासाचा चार आणि सात दिवसांचा पास आहे, तसा दोन दिवसांचा डोंगराचा पास द्यावा. रेल्वेच्या वेळेला धरून स्टेशनवरून एक गाडी असावी. पोलीस आणि वन विभागाशी बोलून घाटात रांग लागली की एसटीला आधी सोडावं.

मी खाली एक ओळ जोडली: बामणोलीची मुक्कामी गाडी कोणत्याही कारणाने बंद करू नये.

नियंत्रकांनी वाचलं. "रांगेतून एसटी आधी सोडायचं आमच्या हातात नाही," ते म्हणाले. "पण बाकीचं वर पाठवतो. मुक्कामीचं म्हणाल तर मागणी पाहिजे. चार माणसं बसतात कधी कधी."

"गुरुवारी उभं राहायला जागा नव्हती," मामा म्हणाले.

"ते लिहा तेवढं."

मामांनी वही परत ओढून घेतली आणि ते लिहिलं, तारीख आणि वेळेसकट.